मोझेस फार्मर

मोझेस गेरिश फार्मर (जन्म : ९ फेब्रुवारी १८२०, बॉस्कावेन, न्यू हॅम्पशायर, मृत्यू : २५ मे १८९३, शिकागो) हे अमेरिकन विद्युत अभियंता आणि संशोधक होते. आगीची सूचना विजेच्या तारेवरून मध्यवर्ती कार्यालयात पोहोचवणारी आणि तेथून संपूर्ण शहराला इशारा देणारी यंत्रणा त्यांनी डॉ. विल्यम फ्रान्सिस चॅनिंग यांच्या सहकार्याने बोस्टन येथे उभारली. २८ एप्रिल १८५२ रोजी सुरू झालेली ही यंत्रणा एखाद्या शहरासाठी कार्यान्वित झालेली अशा प्रकारची पहिली यंत्रणा मानली जाते. घरे, दुकाने, बँका आणि कारखाने यांच्या संरक्षणासाठी आज वापरल्या जाणाऱ्या, दूरच्या केंद्रातून देखरेख ठेवणाऱ्या इशारा यंत्रणांचे मूळ तत्त्व या रचनेत आढळते. विद्युत रेल्वे, विद्युत दिवे, विद्युत जनित्र आणि बहुसंदेशी तारायंत्र या क्षेत्रांतही फार्मर यांनी प्रारंभीचे महत्त्वाचे प्रयोग केले.

बालपण आणि शिक्षण

फार्मर यांचा जन्म अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील बॉस्कावेन या गावी झाला. गणित, संगीत आणि यांत्रिक रचना यांची त्यांना लहानपणापासून आवड होती. अँडोव्हर येथील फिलिप्स अकादमीत शिक्षण घेतल्यानंतर १८४० मध्ये त्यांनी डार्टमाउथ महाविद्यालयात प्रवेश घेतला. मात्र आजारपणामुळे त्यांना पदवी पूर्ण न करताच महाविद्यालय सोडावे लागले. पुढे त्यांच्या संशोधनाची दखल घेऊन याच महाविद्यालयाने त्यांना मानद पदवी दिली.

महाविद्यालय सोडल्यावर ते शिक्षकी पेशाकडे वळले. मेन राज्यातील एलियट आणि न्यू हॅम्पशायरमधील डोव्हर या गावी त्यांनी अध्यापन केले. याच काळात त्यांनी खिडक्यांचे कागदी पडदे छापणारे एक यंत्र तयार केले. या व्यवसायातून मिळालेल्या उत्पन्नाने त्यांना विजेचे प्रयोग करण्यासाठी सवड आणि साधने मिळाली.

विद्युत रेल्वेचा प्रयोग

१८४७ मध्ये फार्मर यांनी डोव्हर येथे विद्युतचुंबकीय इंजिनाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. दीड फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी ही छोटी गाडी दोन प्रवाशांना वाहून नेत असे. तिला ग्रोव्ह पद्धतीच्या ४८ विद्युत घटांपासून वीज मिळत होती. घटांतील जस्त आणि आम्ले खर्ची पडत असल्याने अशी वीज अतिशय महाग होती. त्यामुळे व्यवहारात या गाडीचा उपयोग होऊ शकला नाही. कल्पना योग्य, पण स्वस्त विजेचा अभाव, ही अडचण फार्मर यांच्या पुढील अनेक प्रयोगांतही आड आली.

तारायंत्र व्यवसायात प्रवेश

सॅम्युएल मोर्स यांच्या तारायंत्राची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही पहिली जोडणी १८४४ मध्ये सुरू झाली होती. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तारांचे जाळे पसरू लागले. फार्मर १८४७ च्या सुमारास या व्यवसायात शिरले आणि त्यांनी बोस्टन व वुस्टर दरम्यानच्या तारेची देखभाल स्वीकारली. पुढे ते सेलम येथील तारायंत्र कार्यालयात काम करू लागले. तार कोठे तुटते, ओलाव्याने प्रवाह कोठे गळतो, घट केव्हा कमजोर होतो आणि संदेश घेणारा माणूस कोठे चुकतो, याचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना येथे मिळाला.

पूर्वीची पद्धत आणि चॅनिंग यांची कल्पना

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोस्टनसारख्या शहरात आग लागल्यास ती पाहणारा माणूस आरडाओरड करत जवळच्या चर्चकडे किंवा बंबखान्याकडे धावत असे. तेथील घंटा वाजू लागली की ती ऐकून इतर ठिकाणच्या घंटाही वाजवल्या जात. आग लागल्याचे त्यामुळे सर्वांना कळे. ती नेमकी कोठे आहे हे मात्र घंटेवरून समजत नसे. बंब ओढणारी माणसे धूर किंवा उजेड शोधत हिंडत. त्यांना जागा सापडेपर्यंत शेजारच्या इमारतीही पेटलेल्या असत.

बोस्टनमधील डॉक्टर विल्यम चॅनिंग यांनी जून १८४५ मध्ये एका स्थानिक दैनिकात लेख लिहून यावर उपाय सुचवला. शहर म्हणजे एक शरीर आहे अशी कल्पना त्यांनी मांडली. शरीरातील काही मज्जातंतू संवेदना मेंदूकडे नेतात आणि दुसरे तंतू मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचवतात. त्याचप्रमाणे तारांचा एक संच आगीची बातमी केंद्राकडे आणील आणि दुसरा संच केंद्राचा इशारा शहरभर नेईल, अशी त्यांची योजना होती. परंतु ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी लागणारी यंत्रे त्या वेळी उपलब्ध नव्हती.

यातील सर्वांत कठीण प्रश्न घंटेचा होता. चर्चच्या मनोऱ्यावरील जड घंटेवर हातोडा मारण्यासाठी मोठे बळ लागते, तर लांबून येणारा तारेतील प्रवाह क्षीण असतो. फार्मर यांनी यासाठी वेगळी युक्ती योजली. घंटा वाजवण्याचे बळ आधीच वर खेचून ठेवलेल्या वजनासारख्या साठ्यातून घ्यायचे आणि विजेने फक्त त्याची खिट्टी सोडायची. विद्युतचुंबकाने खिट्टी सोडली की साठवलेल्या बळाने हातोडा एक ठोका देई आणि खिट्टी पुन्हा अडकत असे. १८४८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयाच्या इमारतीवरील घंटेला असे यंत्र जोडण्यात आले आणि तारायंत्राच्या साहाय्याने ती थेट न्यूयॉर्कहून वाजवून दाखवण्यात आली.

बोस्टनची यंत्रणा

१८५१ मध्ये बोस्टन नगरपालिकेने या योजनेसाठी १०,००० डॉलर मंजूर केले आणि उभारणीचे काम फार्मर यांच्याकडे सोपवले. सुमारे एका वर्षात शहराच्या छपरांवरून तारा ओढण्यात आल्या, इमारतींच्या भिंतींवर ओतीव लोखंडाच्या सूचनापेट्या बसवण्यात आल्या आणि निवडक घंटांना ठोके देणारी यंत्रे जोडण्यात आली.

यंत्रणेचे कार्य पुढीलप्रमाणे चालत असे.

पहिल्या टप्प्यात आग पाहणारी व्यक्ती जवळची सूचनापेटी उघडून आतील हँडल फिरवी. हँडलबरोबर फिरणाऱ्या चाकाच्या कडेला ठरावीक अंतरांवर खाचा असत. त्यांच्यामुळे तारेतील प्रवाह ठरावीक क्रमाने तुटे आणि जुळे. प्रत्येक पेटीच्या चाकावरील खाचांची रचना वेगळी असल्याने कोणत्या विभागातील कोणत्या पेटीवरून सूचना आली, हे मध्यवर्ती कार्यालयात उमटणाऱ्या खुणांवरून कळत असे. आग पाहणाऱ्याला तारायंत्राची भाषा येण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या टप्प्यात मध्यवर्ती कार्यालयात अहोरात्र हजर असणारा कर्मचारी ही सूचना वाचून तिची खातरजमा करी.

तिसऱ्या टप्प्यात तो दुसऱ्या तारांवरून शहरातील घंटांवर विभागाच्या क्रमांकाइतके ठोके देई. पेटीचा क्रमांक सूचनापेट्यांमधील लहान ठोकयंत्रांवर पाठवला जाई. त्यामुळे बंबाबरोबर निघालेल्या माणसांना वाटेतील कोणतीही पेटी उघडून आगीच्या जवळची नेमकी पेटी कोणती, हे कळत असे.

ही यंत्रणा २८ एप्रिल १८५२ रोजी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावरून आगीची पहिली सूचना आली. प्रारंभीची काही वर्षे फार्मर यांनी यंत्रणेचे अधीक्षक म्हणून काम पाहिले.

यंत्रणेतील उणिवाही लवकरच दिसून आल्या. आग पाहून घाबरलेला माणूस हँडल फार वेगाने फिरवी, त्यामुळे कार्यालयात उमटलेल्या खुणा वाचता येत नसत. यावर उपाय म्हणून पुढील काळात पेट्यांमध्ये घड्याळाप्रमाणे स्प्रिंगवर चालणारी यंत्रे बसवण्यात आली. त्यानंतर माणसाने फक्त एक कडी खाली ओढायची आणि चाक आपल्या ठरलेल्या वेगानेच फिरायचे, अशी व्यवस्था झाली.

पेटंट आणि प्रसार

चॅनिंग यांनी मार्च १८५५ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेत या यंत्रणेवर व्याख्यान दिले. दक्षिण कॅरोलिना राज्यातील कॅम्डेन येथील जॉन गेमवेल यांना त्यातून या कल्पनेचे व्यापारी महत्त्व जाणवले. चॅनिंग आणि फार्मर यांना १९ मे १८५७ रोजी या शोधाचे संयुक्त पेटंट मिळाले. १८५९ पर्यंत त्याचे सर्व हक्क गेमवेल यांच्याकडे गेले. गेमवेल यांच्या कंपनीने पुढील दशकांत अमेरिका आणि कॅनडातील शेकडो शहरांत अशा यंत्रणा बसवल्या. त्यामुळे रस्त्यावरील लाल सूचनापेटी फार्मर यांच्याऐवजी गेमवेल यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

१८७२ ची बोस्टनमधील आग

९ नोव्हेंबर १८७२ रोजी सायंकाळी बोस्टनच्या समर स्ट्रीटवरील एका व्यापारी इमारतीत आग लागली. या आगीत सुमारे ६५ एकरांचा परिसर आणि ७७६ इमारती भस्मसात झाल्या. मालमत्तेची हानी सुमारे ७ कोटी ३५ लाख डॉलर इतकी झाली. यंत्रणा सुरू होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती आणि आग लागलेल्या इमारतीपासून थोड्याच अंतरावर ५२ क्रमांकाची सूचनापेटी होती. तरीही तिच्यावरून पहिली सूचना सायंकाळी ७ वाजून २४ मिनिटांनी गेली. तोपर्यंत आग छपरापर्यंत पोहोचली होती आणि शेजारच्या चार्ल्सटाउन शहरातील अग्निशामक दलाला तिचा उजेड दिसू लागला होता.

या विलंबाचे एक कारण पेटीला लावलेले कुलूप हे होते. खोट्या सूचना टाळण्यासाठी बोस्टनमधील पेट्या कुलूपबंद ठेवल्या जात आणि त्यांच्या किल्ल्या पोलीस व परिसरातील काही विश्वासू नागरिक यांच्याकडेच असत. जमलेल्या लोकांपैकी अनेकांना सूचना कोणीतरी आधीच दिली असेल असेही वाटले. त्यातच शहरातील घोड्यांमध्ये साथीचा आजार पसरला असल्याने अनेक बंब माणसांना ओढावे लागले. जुन्या अरुंद जलवाहिन्यांमधील पाण्याचा दाबही अपुरा पडला.

फार्मर यांचा या वेळी यंत्रणेच्या कारभाराशी संबंध राहिलेला नव्हता. मात्र या आगीने यंत्रणेची मर्यादा स्पष्ट केली. तार, घंटा आणि कार्यालय हे सर्व सुस्थितीत असूनही पहिली सूचना देणाऱ्याचा हात पेटीपर्यंत पोहोचला नाही, तर संपूर्ण यंत्रणा निरुपयोगी ठरते. त्याचप्रमाणे इशारा मिळाल्यावर धावून जाणाऱ्यांकडे पाणी आणि वाहने नसतील, तर वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याचाही पुरेसा उपयोग होत नाही. खोट्या सूचना रोखणे आणि खऱ्या सूचनेचा मार्ग मोकळा ठेवणे या परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्यासाठी पुढील काळात किल्लीशिवाय उघडणाऱ्या पेट्या प्रचारात आल्या.

चोरीविषयक इशारा यंत्रणांशी संबंध

फार्मर यांची कार्यशाळा काही काळ बोस्टनच्या कोर्ट स्ट्रीटवरील चार्ल्स विल्यम्स यांच्या विद्युत उपकरणांच्या कारखान्यात होती. तरुण थॉमस एडिसन यांनी १८६८ च्या सुमारास याच ठिकाणी प्रयोग केले. पुढे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्यासाठी दूरध्वनीची उपकरणे घडवणारे थॉमस वॉटसन हेही येथेच काम करत. आवाज वाहून नेण्याच्या शोधाच्या इतके जवळ असूनही तो आपल्या हातून निसटला, याची फार्मर यांना अतिशय रुखरुख लागली होती, असे वॉटसन यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

बोस्टनच्याच परिसरात सॉमरव्हिल येथील धर्मोपदेशक ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये घराच्या दारे-खिडक्यांना जोडलेल्या विद्युत घंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेऊन १८५८ पासून चोरीची सूचना देणाऱ्या घंटा बसवण्याचा व्यवसाय सुरू केला. प्रारंभी ही घंटा घरातच वाजत असल्याने घरात कोणी असले तरच तिचा उपयोग होई. रिकाम्या दुकानात वाजणारी घंटा चोराशिवाय कोणी ऐकत नसे. १८७० च्या दशकात होम्स यांनी ग्राहकांच्या इमारतींतील तारा एका मध्यवर्ती कार्यालयाशी जोडल्या. सूचना आल्यावर तेथून माणसे पाठवण्याची सोय झाली. आगीसाठी फार्मर व चॅनिंग यांनी सार्वजनिक पातळीवर सिद्ध केलेले तत्त्व अशा रीतीने खासगी घरे आणि व्यापारी पेढ्या यांच्या संरक्षणासाठी वापरले जाऊ लागले.

आधुनिक यंत्रणांमध्ये खाचांच्या चाकाची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी आणि तारेची जागा अनेक ठिकाणी मोबाइल जाळ्याने घेतली आहे. तरीही घटनास्थळाची ओळख सांगणारा संकेत, सतत जागे असलेले केंद्र, सूचनेची खातरजमा आणि मदतीची रवानगी हे चार टप्पे कायम आहेत. मंडलातून प्रवाह सतत वाहता ठेवायचा, म्हणजे तार तुटली किंवा कोणी कापली तरी ते केंद्राला लगेच कळते, हे तारायंत्रापासून चालत आलेले तत्त्वही इशारा यंत्रणांमध्ये वापरले जाते.

विद्युत दिवे आणि जनित्र

जुलै १८५९ मध्ये फार्मर यांनी सेलम येथील पर्ल स्ट्रीटवरील आपल्या घराची बैठकीची खोली विजेच्या दिव्यांनी उजळवली. या दिव्यांत प्लॅटिनमची पट्टी तापून प्रकाश देत असे आणि तळघरातील घटांपासून वीज मिळत असे. हा प्रयोग एडिसन यांच्या दिव्याच्या सुमारे वीस वर्षे आधीचा आहे. घटांची वीज महाग पडत असल्याने तो पुढे चालू ठेवणे त्यांना शक्य झाले नाही.

यानंतर फार्मर यांनी यांत्रिक शक्तीपासून वीज निर्माण करणाऱ्या जनित्राकडे लक्ष वळवले. जनित्राने स्वतः निर्माण केलेल्या प्रवाहावरच आपले चुंबक सबळ करावे, या तत्त्वावर १८६० च्या दशकात काम करणाऱ्या संशोधकांपैकी ते एक होते. पुढे कनेटिकट राज्यातील अन्सोनिया येथील उद्योजक विल्यम वॉलेस यांच्याबरोबर त्यांनी जनित्रे विकसित केली. सप्टेंबर १८७८ मध्ये एडिसन यांनी वॉलेस यांच्या कारखान्याला भेट देऊन ही जनित्रे आणि त्यांच्यावर चालणारे प्रखर दिवे पाहिले. या भेटीनंतर ते विद्युत प्रकाशाच्या संशोधनाला जोमाने लागले.

एकाच तारेवरून एकापेक्षा अधिक संदेश पाठवण्याचे प्रयोगही फार्मर यांनी १८५० च्या दशकात केले होते.

नौदलातील सेवा

१८७२ ते १८८१ या काळात फार्मर ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे अमेरिकन नौदलाच्या टॉर्पेडो केंद्रात विद्युततज्ज्ञ म्हणून कार्यरत होते. पाण्याखालील स्फोटके विजेने उडवणे आणि जहाजांवर विद्युत प्रकाशाचा उपयोग करणे, हे त्यांच्या कामाचे विषय होते. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी ही सेवा सोडली. त्यानंतर काही काळ त्यांनी एका विद्युत प्रकाश कंपनीचे सल्लागार म्हणून काम केले.

कौटुंबिक जीवन

फार्मर यांचा विवाह १८४४ मध्ये हॅना टोबी शॅपले यांच्याशी झाला. हॅना या लेखिका असून गुलामगिरीविरोधी आणि समाजसुधारणेच्या चळवळींत सक्रिय होत्या. बोस्टनमधील गरीब कष्टकरी स्त्रिया व त्यांची मुले यांना उन्हाळ्यात काही दिवस विश्रांती मिळावी, यासाठी त्यांनी एलियट येथे एक निवास उभारला. फार्मर हे श्रद्धाळू वृत्तीचे होते. शोध ही ईश्वरी कल्पना असून संशोधक केवळ तिचा वाहक असतो, अशी त्यांची धारणा होती. शोधांतून संपत्ती मिळवण्याकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही.

त्यांची कन्या सेरा फार्मर यांनी १८९४ मध्ये एलियट येथे ग्रीन एकर ही विविध धर्मांच्या अभ्यासकांना एकत्र आणणारी परिषद सुरू केली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात स्वामी विवेकानंद तेथे काही दिवस राहिले होते आणि पाइन वृक्षाखाली बसून त्यांनी वेदान्ताचे वर्ग घेतले होते.

मृत्यू आणि वारसा

आयुष्याची अखेरची वर्षे फार्मर यांनी एलियट येथे व्यतीत केली. पत्नीचे १८९१ मध्ये निधन झाले. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक कोलंबियन प्रदर्शनात आपले शोध मांडण्याच्या तयारीसाठी ते तेथे गेले असता २५ मे १८९३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबर महिन्यात शिकागोमध्ये सर्वधर्म परिषद भरली होती.

विद्युत रेल्वे, दिवे आणि जनित्र या शोधांचे श्रेय व लाभ प्रामुख्याने इतरांना मिळाले. कारण फार्मर यांचे प्रयोग स्वस्त विजेच्या काळाआधी झाले होते. आगीच्या सूचना यंत्रणेला मात्र अत्यल्प वीज पुरत होती. म्हणूनच त्यांच्या शोधांपैकी ती त्यांच्या हयातीतच सर्वत्र रुजली. बोस्टन शहरात रस्त्यांवरील अशा सूचनापेट्या एकविसाव्या शतकातही कार्यरत आहेत. वीजपुरवठा किंवा दूरध्वनी सेवा बंद पडल्यास आगीची सूचना देण्याचा स्वतंत्र मार्ग म्हणून त्यांचे महत्त्व टिकून आहे.